आधी लग्न, मग प्रेम

मालिकेतलं प्रेम मराठी प्रेक्षकाला कधी पटतं, याचा माग काढायचा तर आपल्याला दूरचित्रवाणीच्या बऱ्याच मागे, १८८२ सालच्या पुण्यात जावं लागतं. त्या वर्षी अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आलं आणि भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेने महाराष्ट्राला वेड लावलं. दुर्योधनाशी ठरलेलं लग्न, संन्याशाच्या वेशातला अर्जुन, सूत्रं हलवणारा कृष्ण, असा सगळा थाट तिथे होता. पण सुभद्रा-अर्जुनाचं प्रेम पडदा वर जाण्याआधीच पूर्ण झालेलं होतं. उरला होता तो फक्त विरह. लग्नाआधीचं प्रेम पुराणातल्या माणसांनाच शोभत असे. प्रेक्षागृहात बसलेल्यांच्या घरी मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी लागत, त्यामुळे प्रेमाला जागा मिळालीच तर ती लग्नानंतर.

ती जागा पहिल्यांदा उजेडात आणली हरिभाऊ आपट्यांनी. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापायला घेतली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. त्या वादाने महाराष्ट्र ढवळून निघालेला असताना ही कादंबरी हप्त्याहप्त्याने घरोघरी पोचत होती. यमूचं लग्न तिला न विचारता होतं. नवरा रघुनाथराव तिला वाचायला उत्तेजन देतो, मुंबईत दोघांचं बिऱ्हाड होतं, आणि नवऱ्याशी मोकळेपणाने बोलायला ती हळूहळू, अडखळत शिकते. शेजारी आपट्यांनी तिची मैत्रीण दुर्गी उभी केली आहे, जिच्या वाट्याला उनाड नवरा आला. एकाच चालीरीतीतून निघालेले हे दोन संसार समोरासमोर ठेवल्यामुळे यमूचं सुख खरं वाटतं, आणि रघुनाथरावाच्या मृत्यूनंतर तिचं केशवपन होतं तेव्हा वाचकाला ते सोसवत नाही. मराठी मालिकेची खरी पूर्वज मला ही कादंबरी वाटते, केवळ ती हप्त्यांनी आली म्हणून नव्हे. माणूस रोज थोडा बदलतो आणि त्या बदलातून प्रेम उगवतं, ही रीत तिने घालून दिली.

कादंबरीत जे कल्पिलं होतं ते जवळच एका घरात घडून गेलं होतं. १८७३ साली महादेव गोविंद रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचे हे पुरस्कर्ते वडिलांच्या आग्रहापुढे नमले आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमेशी त्यांचं लग्न झालं. रानड्यांवर त्यासाठी टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण मग शिकवणी सुरू झाली. रोज रात्री मराठी, पुढे इंग्रजी. दिवसा घरातल्या बायकांचे टोमणे. रमाबाईंनी हे सारं १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त लिहिलं. प्रेमाचा उच्चार त्या पुस्तकात क्वचितच सापडतो, तरी पानोपानी ते जाणवत राहतं.

मधला काळ आपण भरभर ओलांडू. ना. सी. फडक्यांनी प्रेम कॉलेजात आणि टेनिसच्या मैदानावर नेलं. ते देखणं झालं, पण घरापासून दुरावलं. १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटात शांताराम बापूंनी उलटा प्रश्न विचारला: लग्न झालं आणि प्रेम झालंच नाही तर? शांता आपट्यांची नीरा हट्टाने म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारत राहते आणि अखेर बदलतो तो नवरा. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये आलं, खासगी मराठी वाहिनी १९९९ मध्ये, आणि ‘आभाळमाया’ मालिकेतल्या सुधाने नवऱ्याच्या विश्वासघातानंतरही स्वतःच्या पायावर उभी राहणारी बाई रोज रात्री घरात आणली.

मग येतं २०१२. एकाच वर्षी, एकाच वाहिनीवर, दोन मालिका सुरू झाल्या. ‘उंच माझा झोका’ने रमाबाईंच्या आठवणी पडद्यावर आणल्या. सतीश राजवाडे यांच्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये घना आणि राधा घरच्यांच्या तगाद्याला कंटाळून करार करून लग्न करतात, पुढे वेगळं व्हायचं ठरवूनच. १८७३ ची परकरी मुलगी आणि २०१२ ची नोकरदार राधा, दोघींची गोष्ट एकाच क्रमाने जाते: आधी लग्न, मग ओळख, मग प्रेम. घना-राधा एका खोलीत भांडतात, घरच्यांपासून गुपित लपवताना एकमेकांचे साथीदार होतात, आणि सवय कधी ओढ झाली हे त्यांच्याआधी आपल्याला कळतं. गोष्ट संपल्यावर मालिकाही वर्षाच्या आत संपली. हा संयम फार मोलाचा होता. पुढे वर्षानुवर्षं ताणलेल्या कथांत जोडप्यांना वेगळं करण्यासाठी अपहरणं आणि विस्मरणं आणावी लागली, आणि आधी कमावलेला स्वभाव त्यात वाहून गेला.

२०१९ मध्ये त्याच वाहिनीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ आली. सासरा आणि लाडावलेला मुलगा यांच्यात स्वतःला विसरलेली, हाताला चव असलेली विधवा आसावरी, आणि स्वयंपाकाच्या आवडीतून तिच्या जवळ येणारा अभिजीत राजे. निवेदिता सराफांची आसावरी नकार द्यायलाही घाबरते, आणि तो नकार व होकार दोन्ही ती भागांमागून भाग शिकत जाते. तिच्या लग्नासाठी घरात भांडते ती तिची सून. रानड्यांना १८७३ मध्ये जे जमलं नाही, ते या सुनेने तडीस नेलं.