निर्दोष स्वराचें यंत्र

१९४७ सालीं देश स्वतंत्र झाला त्या वेळीं संस्थानी मुलखांत जीं पांच नभोवाणी केंद्रें होतीं, त्यांपैकीं एक औरंगाबादचें होतें. जालना तेव्हां हैदराबाद संस्थानांतील औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. त्याचा स्वतंत्र जिल्हा होण्यास १९८१ चा मे महिना उजाडावा लागला. औरंगाबादेस उच्चारलेला शब्द सुमारें साठ किलोमीटरांवरील जालन्याच्या दिवाणखान्यांत पोंचावयाचा, तर तो मायक्रोफोन, तारा, व्हॉल्व्ह, प्रक्षेपक आणि श्रोत्याच्या घरचा कर्णा अशा अनेक हातांतून जाणार. आणि प्रत्येक हात त्याला आपला थोडा मळ लावणार. हा मळ किती, आणि कोणाच्या हातचा, हें ओळखावें कसें? ह्या प्रश्नापायीं जें एक यंत्र नांवारूपास आलें, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आपल्या गवयास भरीव स्वर हवा असतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीची जवारी काढतात, तारेखालीं सुताचा धागा सरकवतात. आणि मग एकाच तारेंतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर झंकारूं लागतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं ह्या करामतीचें शास्त्रीय विवेचन केलें. परंतु यंत्राची परीक्षा घेण्यास तंबोरा निरुपयोगी आहे. ज्यांत आधींच सर्व कांहीं आहे, त्यांत नवें काय मिसळलें हें कळणार कसें? तेथें अगदीं एकटा स्वर लागतो: सेकंदास १००० कंपनें, आणि त्यावांचून दुसरें कांहीं नाहीं. अशा स्वराच्या आकृतीस साइन-तरंग म्हणतात. तो आंत सोडला आणि बाहेर २००० किंवा ३००० कंपनांचा अंश सांपडला, तर तो यंत्राचा दोष. अर्थात् परीक्षकाचा स्वर यंत्राहून शुद्ध असावयास हवा.

असा स्वर विजेनें उत्पन्न करणें सोपें नव्हतें. वेटोळें आणि कंडेन्सर यांची जोडी रेडिओच्या उच्च कंपनांना चांगली. कानाला ऐकूं येणाऱ्या मंद कंपनांना तिचीं वेटोळीं बोजड होतात. म्हणून पूर्वी एक आडवाट काढली होती: एक लक्ष आणि एक लक्ष एक हजार कंपनांचे दोन प्रवाह एकत्र करून त्यांतील एक हजाराचें अंतर वेगळें काढावयाचें. पण त्यांतील एकजण उष्णतेनें हजारांत एक भाग जरी ढळला, तरी शंभर कंपनांचा फरक पडे, आणि हजाराचा स्वर नऊशेंवर किंवा अकराशेंवर जाई. शिवाय असलीं यंत्रें महागहि असत.

सुटकेची वाट एका जुन्या मापनपद्धतींत होती. मॅक्स वीन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८९१ सालीं कंडेन्सर मोजण्यासाठीं एक जुळणी सुचविली होती. तींत वेटोळें नाहीं. दोन रोध आणि दोन कंडेन्सर, बस्स. एका विशिष्ट कंपनसंख्येस ही जुळणी आलेल्या तरंगाचा बरोबर एकतृतीयांश भाग पुढें जाऊं देते, आणि तोहि मागेंपुढें न सरकवतां. मग त्यास तिप्पट करणारा वर्धक जोडला कीं तरंग फिरून आपल्या मूळ ठिकाणीं मूळ मापानें येतो, आणि अखंड चालू राहतो.

कागदावर हें सुरेख दिसतें. खरी अडचण त्या ‘तिप्पट’ शब्दांत आहे. २.९९ पट झालें तर तरंग हळूहळू मरतो, ३.०१ पट झालें तर वाढत वाढत वर्धकाच्या मर्यादेवर आपटतो आणि त्याचा माथा छाटला जातो. छाटलेला माथा म्हणजेच विकृति. नेमकें तीन कोणताहि कारागीर घडवूं शकत नाहीं, आणि घडविलें तरी तें टिकत नाहीं.

कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा विद्यार्थी विल्यम ह्यूलेट याने १९३९ सालच्या प्रबंधांत ह्यावर जो उपाय योजला तो ऐकून हसूं येईल: एक लहानसा विजेचा दिवा. दिव्याची तार तापली कीं तिचा रोध वाढतो. तो दिवा त्यानें वर्धकाच्या उलट्या पुरवठ्यांत, म्हणजे वर्धन आवरून धरणाऱ्या शाखेंत, बसविला. तरंग वाढला कीं तार तापावी, वर्धन घटावें. तरंग खचला कीं तार निवावी, वर्धन वाढावें. येथें मर्म असें कीं तार मंद आहे. एका कंपनाच्या चढउताराकडे ती पाहात नाहीं, कित्येक कंपनांची सरासरी तेवढी जाणते. म्हणून ती तरंगाचा आकार न बिघडवतां त्याचें माप सांभाळते. दिव्याची युक्ति सर्वस्वीं ह्यूलेटची नव्हे. बेल प्रयोगशाळेंतील मीचम यानें १९३८ सालींच आपल्या आंदोलकांत दिवा वापरला होता, आणि उलट्या पुरवठ्याची कल्पना तेथीलच हॅरल्ड ब्लॅक यास १९२७ सालीं नावेंतून हडसन नदी ओलांडतांना सुचली होती. ह्यूलेटनें ह्या दोहोंना वीनच्या जुळणीशीं जोडलें, हें श्रेय माझ्या मतें पुरेसें आहे. आणखी एक लाभ झाला: वेटोळ्याच्या मंडलांत कंडेन्सर दसपट बदलला तर कंपनें जेमतेम तिपटीनें बदलतात, येथें तीं पुरीं दसपट बदलतात.

त्याच वर्षीं ह्यूलेट आणि त्याचा मित्र डेव्हिड पॅकर्ड यांनीं पालो आल्टो येथें मोटार ठेवण्याच्या खोलींत ५३८ डॉलरांच्या भांडवलावर कारखाना काढला. पहिल्या यंत्राची किंमत ५४ डॉलर ४० सेंट ठेविली होती, आणि ती बनविण्याच्या खर्चालाहि पुरत नसे! पुढच्या नमुन्याचीं आठ यंत्रें वॉल्ट डिस्ने यांनीं ‘फँटेशिया’ ह्या बोलपटाच्या ध्वनियोजनेसाठीं विकत घेतलीं.

दिव्याचा गुण तोच त्याचा दोषहि ठरतो. सेकंदास वीस कंपनांपर्यंत खालीं उतरलें कीं एकेक कंपन इतकें लांबतें कीं तारेला त्यांतल्या त्यांत तापावयास आणि निवावयास अवसर मिळतो. मग ती आकारांत लुडबूड करूं लागते, आणि तिप्पट कंपनांचा उपस्वर डोकावतो. १९९० सालीं जिम विल्यम्स ह्या अमेरिकन अभियंत्यानें दिव्याच्या जागीं प्रकाशानें रोध बदलणारा घटक योजून विकृति दहा लाखांत तीन भागांवर आणली.

आतां हें सर्व रोध-कंडेन्सर हातीं न घेतांहि पडताळतां येतें. बर्कले येथें लॉरेन्स नेगल यानें १९७३ सालीं ‘स्पाइस’ ही संगणकाची आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्या वंशजांच्या साह्यानें जालन्यांतील एखादा विद्यार्थीहि १०,००० ओहमचे दोन रोध आणि ०.०१५९ मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर पडद्यावर मांडून हजाराचा स्वर मिळवूं शकतो. मात्र प्रथम त्यास बहुधा सरळ रेषाच दिसेल. खऱ्या मंडलांत रोधांतील उष्णतेची सूक्ष्म खळबळ पहिला धक्का देते; संगणकाच्या गणितांत सामान्यतः ती नसते, तेव्हां कंडेन्सरवर थोडासा भार आरंभींच ठेवावा लागतो. मग माप स्थिरावण्यासाठीं शेंकडों कंपनें धीर धरावयाचा. आणि विकृतीचा आंकडा हातीं आला म्हणजे गणिताचें पाऊल अर्धें करून तो पुन्हां काढावयाचा. आंकडा जर घटला, तर पहिल्या वेळचा मळ मंडलाचा नव्हता, गणिताचा होता.