खानवेलची बाई आणि पोर्तुगेज कायदा

दादरा-नगर हवेली म्हटली की आपल्या गोमंतकीयांना २ ऑगस्ट १९५४ आठवतो. सिल्वासा सोडून कॅप्टन फिदाल्गो आपले पोलीस घेऊन खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला उदव्याला शरण आला. आझाद गोमंतक दल, राजा वाकणकर, सुधीर फडके ही नावे आपल्याला पाठ आहेत. या लढ्याला पैसा हवा म्हणून मंगेशीशी नाते असलेल्या लता मंगेशकर गायल्या, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण मुक्तीच्या या साऱ्या कथेत खानवेलच्या डोंगरातली वारली बाई कुठे दिसत नाही. भूमी मुक्त झाली, तिचे काय झाले? हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावतो आहे.

आधी आपल्या घरातले पाहू. पोर्तुगालचा १८६७ चा दिवाणी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायकोची समाईक, मुलीला मुलाइतकाच वाटा, आणि घर-जमीन विकायची तर बायकोचीही सही हवी! पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर १९१० साली घटस्फोटाचा कायदाही झाला. इंग्लंडमध्ये विवाहित बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क मिळाला तो १८८२ साली. त्या देशात बायकोला नवऱ्याच्या केवळ व्यभिचारावरून घटस्फोट मागायला १९२३ उजाडावे लागले. नवऱ्याला मात्र तो अधिकार १८५७ पासूनच होता.

म्हणजे आपली आजी इंग्रज मडमेपेक्षा पुढे होती काय? कागदावर, काही बाबतींत, होय. पण संपत्ती अर्धी तिची असली तरी कारभार नवऱ्याच्या हाती. शिवाय १८८० च्या हुकूमनाम्याने हिंदूंच्या रूढींना मान्यता दिली, तेव्हा ठरावीक वयापर्यंत बायकोला मूल झाले नाही, किंवा मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची वाटही कायद्यातच राखून ठेवली. समान नागरी कायदा म्हणून आपण छाती फुगवतो, तेव्हा हे कलम कोणाला आठवत नाही.

आता खानवेलकडे वळू. नगर हवेली पोर्तुगेजांकडे आली १७८३ साली, मराठ्यांकडून, एका जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी! कारभार दमणहून चाले. इथली वस्ती वारली, धोडिया, कोकणा अशा आदिवासींची. वारल्यांच्या चालीरीती पाहिल्या की आपण चक्रावतो. लग्न लावणारी धवलेरी ही बाई. ती गाते, विधी करते, तिच्यावाचून लग्न लागत नाही. लग्नाचा चौक भिंतीवर काढायचा तो सुवासिनींनी. वराकडून वधूच्या बापाला देज. हुंड्याचे नाव नाही. विधवेला पुन्हा संसार थाटता येतो. नवऱ्याशी पटले नाही तर बाई निघून दुसरा करते. मग पहिल्याचे देज भरून द्यावे लागते, एवढेच. ऐपत नसेल तर जोडपे आधी एकत्र राहते आणि विधी सवडीने, कधी पोरेबाळे झाल्यावरही होतो. आपल्याकडे त्याच काळात विधवांची केशवपने होत होती!

मग वारली बाई स्वतंत्र होती असे म्हणायचे का? इथेच थांबायला हवे. हवेलीच्या हद्दीला लागून तलासरी-उंबरगावचा पट्टा आहे. तिथे लग्नासाठी सावकाराकडून काही रुपये उचलणारा वारली 'लग्नगडी' होई. तो आणि त्याची बायको, दोघेही मालकाच्या शेतावर राबत, बहुधा जन्मभर. म्हणजे जे लग्न तिला मोडता येत होते, त्याच लग्नाचे कर्ज मात्र तिला सोडत नव्हते. मालकाच्या वाड्यावर तिची अब्रूही सुरक्षित नव्हती. हे सारे गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवले आहे. १९४५ साली त्यांच्या आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढली. पुण्यात वाढलेली, वकिली शिकलेली एक ब्राह्मण बाई रानात वारल्यांच्या झोपडीत राहिली, हीसुद्धा त्या काळची एक मोठीच मुक्ती.

११ ऑगस्ट १९६१ ला हवेली भारतात विलीन झाली. पुढे भारतीय कायदे तिथे लागू करण्यात आले, हिंदू विवाह कायदाही. गोव्यात मात्र पोर्तुगेज कौटुंबिक कायदा तसाच राहिला. पण हिंदू विवाह आणि वारसा कायद्यांतून अनुसूचित जमाती वगळलेल्या आहेत. त्यामुळे वारली बाईच्या वाट्याला ना पोर्तुगेज अर्धा हिस्सा आला, ना १९५६ चा वारसाहक्क. राहिली ती रूढी. आणि रूढीने नवरा सोडण्याची मुभा दिली, तरी जमीन मात्र मुलग्यांकडेच गेली. अगदी अलीकडे, १७ जुलै २०२५ ला, छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर आदिवासी स्त्रीला तो नाकारणे समानतेच्या विरुद्ध आहे.

मधल्या काळात हवेलीत कारखाने आले, मधुबन धरण झाले. बाहेरून पुरुष कामगार इतके आले की २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे केवळ ७७४ स्त्रिया उरल्या. भिंतीवरची चित्रकला कागदावर आली, आणि कागदावर नाव झाले ते बहुतेक पुरुषांचे. २०२१ च्या पोटनिवडणुकीत कलाबेन डेलकर निवडून आल्या. हवेलीने लोकसभेवर बाई पाठवण्याची ती पहिलीच वेळ.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. स्वातंत्र्याचे दोन भाग असतात. एक नको ते सोडून जाण्याचे, दुसरे आपले म्हणून काही धरून ठेवण्याचे. वारली बाईला पहिले होते, दुसरे नव्हते. आपल्या आजीला दुसरे निदान कागदावर होते, पण उंबरठा ओलांडायची छाती कितीजणींना झाली? आपल्या कायद्याची थोरवी गाताना आपल्या घरातल्या बायकांना एवढे जरूर विचारावे, सही तर तू करतेस, पण कागद कधी वाचायला मिळाला का?