आमच्या शेडमधला वेल्डिंग सेट आणि बेळगावची वर्कशॉपं

बेळगावच्या जुन्या मराठी घरांत गप्पा निघाल्या की कुणाचा आजा लेथवर होता, कुणाचा चुलता फौंड्रीत होता, असं हमखास निघतं. बाहेरच्या लोकांना बेळगाव म्हटलं की कुंदा आणि सीमाप्रश्न आठवतो. पण आपल्या गावाची एक तिसरी ओळखही आहे, ती लोखंडाची. आज तिच्याबद्दल लिहितोय, निमित्त आमच्या घरच्या एका जुन्या यंत्राचं.

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीपासून करतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. 1888 साली त्यांनी आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. त्यातूनच पुढं कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर आला. मग गावातली जागा सोडायची वेळ आली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये कारखाना तिकडं, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. "कारखाना गेला, पण लोखंडाची खोड गावात राहिली," असं आमचे वडील म्हणायचे. पुढं उद्यमबाग उभी राहिली, फौंड्र्या आल्या, आणि गल्लीबोळांतली छोटी वर्कशॉपं त्यांच्या आधाराने वाढली. त्यांतलंच एक शहापुरात आमचं. (नव्या पिढीसाठी: शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं. आजी शेवटपर्यंत "बेळगावला जाऊन येते" म्हणायची, अंतर दीड-दोन किलोमीटरचं!)

1971 साली वडील आणि थोरले काका यांनी मिळून एक इंजिनवरचा वेल्डिंग सेट घेतला. चार चाकांची ट्रॉली, तिच्यावर किर्लोस्करचं दोन सिलिंडरचं, 10 हॉर्सपॉवरचं, पाण्यावर थंड होणारं डिझेल इंजिन आणि त्याला थेट जोडलेला डीसी जनरेटर. पाच-सहा जणांनी ढकलल्याशिवाय हलायचा नाही. आजचा इन्व्हर्टर सेट खांद्याला अडकवून जिना चढता येतो, त्यामुळे आजच्या पोरांना हा प्रकार हत्तीसारखा वाटतो.

पण त्या काळात हाच हत्ती कामाचा होता. खेड्यात वीज असली तर असायची, आणि असली तरी वेल्डिंगचा भार सोसायची नाही. ट्रान्सफॉर्मर जोडला की सगळ्या वाडीचे दिवे मंद व्हायचे. त्यामुळे काम वर्कशॉपमध्ये आणण्याऐवजी वर्कशॉपच कामाकडं जायचं. ट्रॅक्टरमागं ट्रॉली बांधायची आणि निघायचं. हुक्केरी, संकेश्वर, खानापूर, नंदगड, कधी घाट उतरून गोव्यात बार्जदुरुस्तीला. गुऱ्हाळाची काहील फुटली, उसाच्या ट्रेलरची चासी तडकली, विहिरीवरचा पाईप गळला, हिडकल धरणाच्या भागात काही जोडायचं निघालं, की सांगावा यायचा. दहा नंबरच्या आणि आठ नंबरच्या रॉडची पाकिटं पोत्यात गुंडाळून न्यायची, कारण रॉड दमट झाला की वेल्डमध्ये भोकं पडतात.

रॉडवरूनही एक इतिहास सांगता येतो. विजेच्या ठिणगीने लोखंड जोडायची युक्ती रशियातल्या बेनार्दोस यांनी 1880 च्या दशकात दाखवली. वर लेप असलेला रॉड स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. आपल्याकडं 1951 मध्ये मुंबईत अडवाणी-ओरलिकॉन सुरू झाली आणि हळूहळू देशी रॉड खेड्यापर्यंत पोचले. म्हणजे वडिलांनी सेट घेतला तेव्हा ही विद्या आपल्या भागात तशी नवीनच होती. वर्कशॉपमध्ये ती खरी कुणाला येत होती, तर आमच्या मिस्त्रीमामांना.

मामा घरी कन्नड बोलणारे. वडील सीमाप्रश्नाच्या सभांना जाणारे. दोघांत त्यावरून वाद होत, आवाज चढत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मिळून इंजिनचं हँडल मारत. हे मी गोड करून सांगत नाही. वाद खरे होते आणि काम एकत्र करणंही खरं होतं. आमच्या कामाच्या वहीत जमा-खर्च वडिलांच्या अक्षरात मराठीत आहे आणि शेजारी रॉडचा हिशोब मामांच्या हातचा, कन्नड आकड्यांत. एकाच पानावर दोन्ही.

1990 नंतर वीज सुधारली, छोटे सेट आले आणि हत्ती शेडच्या कोपऱ्यात गेला. वडील आणि काका दोघंही गेल्यावर जागेच्या वाटणीचा विषय निघाला. भंगारवाला येऊन जनरेटर ठोकून बघून गेला. त्याला पाहिजे होतं आतलं तांबं. भावाचं म्हणणं सरळ होतं, "जागा मोकळी होईल, दोघांना पैसे येतील." चूक काही नव्हतं त्यात. मी एवढंच म्हटलं, "मला सहा महिने दे. चालू झाला तर ठेवू, नाहीतर तूच गाडी बोलाव." तो हो म्हणाला.

मग मी मामांकडं गेलो. वय 82. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि कान जवळजवळ गेलेले. आयुष्यभर इंजिनच्या शेजारी कानात बोळा न घालता उभं राहिल्याची ती किंमत. "तम्मा, घाई करू नको. आधी त्याला हाताने फिरव," एवढं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी काठी टेकत शेडमध्ये हजर.

वीस वर्षं बंद असल्याने पिस्टन जाम होते. नोझल काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल ओतून आठ दिवस ठेवलं, रोज फ्लायव्हीलला पहारीने थोडासा हिसका. नवव्या दिवशी बोटभर सरकला. हेड उघडलं, रिंगा बदलल्या, पाण्याच्या जॅकेटमधला क्षार काढला. टाकीत गंजाचा गाळ होता, तो साफ केला. पंप आणि नोझल उद्यमबागेत तपासायला दिले. नोझल 200 च्या आसपास दाबाला फवारा सोडायला लागलं. सायलेन्सरच्या पाईपला जुना ॲस्बेस्टॉसचा दोर होता. तो कोरडा खरवडू नका, पाण्याने पूर्ण भिजवून, तोंडाला चांगला मास्क लावून काढा. असली यंत्रं उघडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जनरेटरचं काम जास्त नाजूक. मेगरने तपासलं तर वाइंडिंगमध्ये दमटपणा, 0.2 मेगाओहम. रिवाइंड करायचं म्हटलं तर खर्च परवडणारा नव्हता. मामांनी सुचवलं तसं ताडपत्रीखाली 200 वॅटचे बल्ब लावून चार दिवस शेकलं. आकडा 2 च्या वर गेला. मग वॉर्निश. कम्युटेटरवर खोल चर पडले होते. लेथवर हलका कट घेतला आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक जुन्या हॅक्सॉ ब्लेडने किंचित खाली घेतला. तो वर राहिला तर कार्बन ब्रश उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. ब्रश बसवताना साधा पॉलिश पेपर वापरायचा, एमरी नाही, कारण एमरीचे कण पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करू शकतात.

इतकं करून इंजिन सुरू झालं, पण जनरेटर मुका. व्होल्टमीटरचा काटा शून्यावर. लोखंडातली उरलीसुरली चुंबकशक्ती इतक्या वर्षांत गेली होती आणि तिच्याशिवाय असा जनरेटर स्वतःहून वीज उभी करू शकत नाही. मामांनी उपाय सांगितला: फील्डच्या तारांना, प्लस-मायनस नीट बघून, 12 व्होल्टची बॅटरी काही सेकंद लावायची. लावली. परत हँडल मारलं. काटा हळूहळू चढत 70 व्होल्टला थांबला.

या जनरेटरमध्ये एक शहाणपण आहे. मुख्य फील्डच्या विरुद्ध काम करणारं एक जाड वाइंडिंग त्यात असतं. रॉड चिकटून शॉर्ट झाला की हे वाइंडिंग व्होल्टेज खाली ओढतं, त्यामुळे करंट भलताच वाढत नाही. म्हणूनच असल्या सेटवर नवशिक्यालाही आर्क धरता येतो.

110 अँपिअरवर दहा नंबरचा रॉड लावला. कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज. मामांना तो ऐकू येत नव्हता. त्यांनी जनरेटरच्या अंगावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच धरला आणि म्हणाले, "मागचा ब्रश थोडा ढिला आहे." उघडून बघितलं तर स्प्रिंग खरंच कमी दाबत होती.

भाऊ शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही, पण भंगारवाल्याचा नंबर त्याने मला परत दिला नाही आणि स्वतःही लावला नाही. आता सेट शेडच्या दारात उभा आहे. महिन्यातून एकदा वीस मिनिटं चालवतो, दार सताड उघडं ठेवून, कारण धूर बंद जागेत घातक असतो. ट्रॉलीवर एक पत्र्याची पाटी लावलीय. तिच्यावर वडील आणि काका यांच्याबरोबर मामांचंही नाव आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. वर्कशॉपच्या जुन्या बोर्डावर ते कधीच नव्हतं.

तुमच्याकडं बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या वर्कशॉपच्या वह्या, बिलं, फोटो असतील तर रद्दीत घालू नका. आणि मालकांची नावं घरोघरी लक्षात आहेत. मिस्त्र्यांची, हमालांची, हँडल मारणाऱ्या पोरांची नावं तेवढी लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.