ऑक्टेनचा आकडा आणि स्पोर्ट्स कार

ऑक्टेन क्रमांक जितका मोठा तितके पेट्रोल जोरकस, ही समजूत पंपावर आणि गॅरेजांत सर्रास आढळते. मात्र या आकड्याचा जन्म जोर मोजण्यासाठी झालाच नव्हता. सिलिंडरमध्ये दट्ट्याने दाबलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण ठिणगीपासून क्रमाक्रमाने जळत जाणे अपेक्षित असते. परंतु दाब आणि उष्णता वाढली की ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेटते, इंजिनातून खडखडाट ऐकू येतो आणि तो चालूच राहिला तर दट्ट्याचा माथा वितळण्यापर्यंत मजल जाते. मेकॅनिक ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात तो हा प्रकार, आणि तो कितपत सोसण्याची इंधनाची तयारी आहे हे ऑक्टेन क्रमांक सांगतो. मिश्रण किती पटींनी दाबले जाते ते दर्शवणारे कॉम्प्रेशन गुणोत्तर वाढवले की तेवढ्याच पेट्रोलातून अधिक काम मिळते, म्हणून वेगवान गाड्या बांधणाऱ्यांना हा सोशिकपणा सर्वांत आधी हवासा वाटला.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत या खडखडाटाचे खापर चार्ल्स केटरिंग याने रूढ केलेल्या बॅटरी-इग्निशनवर फुटत असे. दोष इंधनात आहे हे त्याचा सहकारी टॉमस मिजली याने प्रयोगांनी दाखवले आणि असंख्य पदार्थ तपासल्यावर डिसेंबर 1921 मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग त्याच्या हाती लागले. फेब्रुवारी 1923 मध्ये ओहायोतील डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही क्रमांकांच्या गाड्यांनी ते वापरले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग बनवणारे कामगार विषबाधेने भ्रमिष्ट होऊन दगावले, तरीही काही काळ थांबलेली विक्री 1925 च्या सरकारी चौकशीनंतर पुन्हा सुरू झाली. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबते हे मिजलीला ठाऊक होते. चिमूटभर शिशाने तेच काम स्वस्तात होत होते, आणि या सोयीची किंमत पुढे अर्धे शतक शहरांतील मुलांच्या रक्ताने मोजली.

आकड्याची पट्टी तयार झाली ती 1926-27 च्या सुमारास. ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने नॉकिंगला दाद न देणाऱ्या आयसो-ऑक्टेनला 100 आणि सहज नॉक होणाऱ्या हेप्टेनला शून्य गुण दिले. हे शुद्ध हेप्टेन कॅलिफोर्नियातील एका पाइन वृक्षाच्या राळेतून मिळत असे. एखादे पेट्रोल 95 भाग आयसो-ऑक्टेन आणि 5 भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागले तर त्याचा क्रमांक 95. त्यासाठी चालू असतानाच कॉम्प्रेशन गुणोत्तर बदलता येईल असे एकाच सिलिंडरचे प्रमाणित इंजिन बनवण्यात आले. ते मिनिटाला 600 फेऱ्यांवर चालवून मिळतो तो रिसर्च ऑक्टेन क्रमांक, म्हणजे आरओएन. 900 फेऱ्यांवर, तापवलेल्या मिश्रणावर मिळतो तो मोटर ऑक्टेन क्रमांक, म्हणजे एमओएन, आणि तो बहुधा काही अंकांनी कमीच भरतो. युरोप आणि भारतात पंपावर आरओएन सांगितला जातो, तर अमेरिकेत दोहोंची सरासरी लावतात. त्यामुळे अमेरिकी पंपावरचे 91 हे भारतातल्या साधारण 95-96 च्या तोडीचे ठरते, आणि केवळ आकड्याला आकडा जुळवणाऱ्याची फसगत होते.

या पट्टीची खरी चैन स्पोर्ट्स कारने 1960 च्या दशकात केली. ब्रिटनमध्ये 1967 पासून पेट्रोलला तारे मिळाले आणि पंचतारांकित पेट्रोल 100 आरओएनचे असे. अमेरिकेत सनोको कंपनीच्या पंपावर तर चकती फिरवून हव्या त्या दर्जाचे मिश्रण टाकीत भरता येई. 1970 च्या कॉर्व्हेट गाडीतील एलटी-1 इंजिनाचे गुणोत्तर 11 आणि जाहीर ताकद 370 अश्वशक्ती होती. पुढच्याच वर्षी हे गुणोत्तर 9 वर आणि ताकद 330 वर आली, कारण धुरावर निर्बंध येऊ घातले होते, धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतात हे स्पष्ट होते, आणि जनरल मोटर्सने आपली इंजिने 91 आरओएनच्या पेट्रोलवर चालतील अशी बेतली होती. गुणोत्तर इंधनाच्या मागे कसे फरफटत जाते याचा याहून बोलका दाखला शोधूनही सापडणार नाही.

ही फरफट थांबवली ती नॉक सेन्सरने. इंजिनावर बसवलेला हा कान विशिष्ट कंपने टिपून ठिणगी क्षणभर उशिरा पाडतो; 1978 च्या ब्युइक टर्बो गाड्यांत तो आला आणि पुढे सर्वत्र पसरला. 1975 च्या पोर्शे 911 टर्बोला गुणोत्तर 6.5 वर ठेवावे लागले होते, तर टर्बो नसलेल्या 1989 च्या 911 ने सेन्सरच्या भरवशावर 11.3 गाठले. मात्र सेन्सर असलेली गाडी हलक्या पेट्रोलवर बिघडत नसली तरी ठिणगी मागे नेऊन ताकद गमावते, आणि गरजेपेक्षा वरच्या पेट्रोलवर, इंजिन तसे बेतलेले नसेल तर, काहीच कमावत नाही.

भारतात दीर्घकाळ 87 आणि 93 हे दोन दर्जे होते आणि अॅम्बॅसडर, तसेच कुर्ल्यात बनणारी पद्मिनी यांची इंजिने त्याच बेताची होती. शिसेविरहित पेट्रोल 1995 मध्ये चार महानगरांत आणि 2000 मध्ये देशभर आले. डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलने मुंबई-पुण्यासह निवडक शहरांत 100 ऑक्टेनचे पेट्रोल आणले. आता पेट्रोलमध्ये ऊस आणि धान्यापासून बनणारे इथेनॉल 20 टक्के मिसळले जाते. त्याचा स्वतःचा आरओएन 108 च्या आसपास असल्याने आकडा चढतो. पण लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असल्याने गाडीचे अॅव्हरेज घटते. म्हणून परदेशी बनावटीच्या गाडीच्या मालकाने टाकीच्या झाकणामागचा किमान आकडा पाहावा, तो आरओएन आहे की अमेरिकी सरासरी याची खातरजमा करावी, त्या गाडीला किती इथेनॉल चालते तेही पाहून घ्यावे, आणि किमान आकड्यावरच्या प्रत्येक अंकासाठी जादा पैसे मोजू नयेत.