न हंसणारा विनोदवीर : बस्टर कीटन

अमेरिकेंतील मूकपटांचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील बहुतेकांस प्रथम चार्ली चॅप्लिनचें नांव आठवतें, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु चॅप्लिन हा जन्मानें इंग्रज. अमेरिकेंतच जन्मलेला, तेथल्याच फिरत्या रंगभूमीवर वाढलेला आणि तेथल्या आगगाड्या, आगबोटी व लांकडी घरें यांनाच आपल्या खेळांतील सोबती करून घेणारा विनोदवीर म्हणजे बस्टर कीटन. त्याच्या चित्रपटांविषयीं आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे. पडद्यावर काय दिसलें एवढेंच सांगून मात्र त्याची हकीकत पुरी होत नाहीं. तें कोणाच्या हुकुमानें तयार झालें, हेंहि पाहावें लागतें. त्याच्या उत्कर्षाचें आणि अधःपाताचें कारण मला तेथेंच दिसतें.

जोसेफ फ्रँक कीटन याचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजीं कॅन्सस संस्थानांतील पिक्वा या लहानशा गांवीं झाला. आईबाप दोघेंहि गांवोगांव फिरून खेळ करणारीं. बापाचा कांहीं काळ हूडिनी या प्रसिद्ध जादुगाराशीं सहवास होता, आणि जिन्यावरून गडगडत आलेलें पोर सुखरूप पाहून हूडिनीनेंच त्यास 'बस्टर' हें नांव दिलें, असें कीटन सांगत असे. या गोष्टीस चरित्रकार फारशी मान्यता देत नाहींत. परंतु नांव चिकटलें तें चिकटलेंच. 'तीन कीटन' या नांवानें हें कुटुंब रंगभूमीवर येई, आणि खेळांतील मुख्य गंमत अशी कीं, बाप मुलास उचलून भिंतीवर, पडद्यावर, प्रसंगीं वाद्यें वाजविणाऱ्यांच्या अंगावर फेंकून देई. मुलाच्या कपड्यांना पाठीमागें पेटीची मूठ शिवून ठेवलेली असे, फेंकण्यास सोयीची! बालसंरक्षणाच्या संस्थेनें हा प्रकार बंद पाडण्याचा अनेकदां प्रयत्न केला, आणि तो योग्यच होता असें माझें मत आहे. आपल्याकडे डोंबाऱ्याचें पोर दोरीवर चालतांना पाहून टाळ्या वाजविणाऱ्यांपैकीं किती जणांच्या मनांत त्या पोराचा विचार येतो?

एवढें मात्र खरें कीं, पडावें कसें आणि पडूनहि मोडूं नये कसें, ही विद्या त्यास तेथें मिळाली. दुसरीहि एक गोष्ट तो तेथेंच शिकला. आपण हंसलों कीं प्रेक्षक कमी हंसतात, आणि आपण चेहरा दगडासारखा ठेवला कीं ते पोट धरून हंसतात, हें त्याच्या लहानपणींच ध्यानांत आलें. त्याचा तो जगप्रसिद्ध निर्विकार चेहरा येथला. शाळेंत आपण एकच दिवस गेलों, असें तो म्हणे. जन्मभर खडू हातांत धरलेल्या माझ्यासारख्यास ही बढाई रुचणारी नाहीं. तथापि पुढें याच माणसानें भिंतीच्या वजनाचा, गाडीच्या वेगाचा आणि कॅमेऱ्याच्या अंतराचा जो हिशेब केला, तो पाहिल्यावर त्यास गणित येत नव्हतें असें म्हणवत नाहीं.

बापाचें मद्यपान हाताबाहेर गेल्यामुळें १९१७ सालीं हा तिघांचा खेळ मोडला आणि एकवीस वर्षांचा बस्टर न्यूयॉर्कला आला. तेथें रॉस्को आर्बकल या स्थूलदेही व त्या काळीं अत्यंत लोकप्रिय असलेल्या नटाची गांठ पडली. आर्बकलच्या 'दि बुचर बॉय' या लघुपटांत कीटन प्रथम पडद्यावर दिसला. परंतु अभिनयापेक्षां त्याचें लक्ष यंत्राकडे अधिक. कॅमेरा कसा चालतो, फिल्म कशी कापतात व जोडतात, हें समजून घेतल्यावांचून त्यास चैन पडेना. मध्यंतरीं १९१८ सालीं सैन्याबरोबर त्यास फ्रान्सांत जावें लागलें; तेथें कानाच्या विकारानें त्याची श्रवणशक्ति कायमची मंदावली. परत आल्यावर जोसेफ शेंक या निर्मात्यानें त्यास १९२० सालीं स्वतंत्र चित्रशाळा दिली. शेंकनें पैसा पुरवावा, आणि काय करावयाचें तें कीटननें ठरवावें, असा हा व्यवहार होता. सारें कांहीं या एका अटीवर उभें होतें.

१९२० ते १९२३ या अवधींत त्यानें एकोणीस लघुपट काढले. 'वन वीक' यांत नवविवाहित जोडपें पेट्यांतून आलेल्या सुट्या भागांचें घर बांधूं लागतें. पेट्यांवरील आंकडे एका दुष्टानें बदलून ठेवलेले असल्यामुळें तें घर कसें उभें राहातें, तें सांगण्यापेक्षां पाहावेंच. 'दि प्लेहाउस' या १९२१ सालच्या चित्रांत तर तो एका वेळीं नऊ कीटन पडद्यावर आणतो! हें साधलें कसें? भिंगापुढें उभ्या पट्ट्यांची एक पेटी बसविली; एक पट्टी उघडून तेवढ्याच भागाचें चित्र घेतलें; मग फिल्म उलटी गुंडाळून ती पट्टी बंद केली व शेजारची उघडली. असें नऊ वेळां केलें. त्या काळीं कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवीत. नऊहि वेळां तो अगदीं सारख्या गतीनें फिरला पाहिजे, आणि नटानेंहि नऊ वेळां तालाचा एक ठोका चुकतां कामा नये. दांडा फिरविणाऱ्या एल्जिन लेस्ली याचें नांव या संदर्भांत आदरानें घेतलें पाहिजे. मोठ्या नटांच्या चरित्रांत असे लोक बहुधा तळटिपेंतच राहातात.

पुढें पूर्ण लांबीचे चित्रपट सुरू झाले. १९२४ सालच्या 'शेरलॉक ज्युनियर' मध्यें चित्रगृहांत यंत्र चालविणारा एक तरुण झोंपेंत उठून पडद्यांतल्या चित्रांतच शिरतो. तो पायरीवर बसूं जातो तों तेथें बाग होते, बागेचा रस्ता होतो, रस्त्याचा कडा होतो. देखावे बदलतात, माणूस मात्र जागच्या जागीं. यासाठीं जमीनमोजणीचीं उपकरणें आणून प्रत्येक वेळीं कॅमेऱ्यापासूनचें अंतर मोजून घेत असत. याच चित्रपटांत रेल्वेच्या पाण्याच्या टांकींतील लोट अंगावर येऊन तो रुळावर आपटला. कांहीं दिवस डोकें दुखलें, इतकेंच. मान मोडून पुन्हां सांधली होती, हें कित्येक वर्षांनीं क्ष-किरणांच्या तपासणींत उघडकीस आलें. त्याच वर्षीं 'बुफोर्ड' नांवाची एक जुनी आगबोट घेऊन 'दि नॅव्हिगेटर' निघाला आणि त्यानें पैसाहि उत्तम मिळविला.

आतां 'दि जनरल' विषयीं थोडें विस्तारानें बोलतों. इतिहास असा आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध चालूं असतांना १२ एप्रिल १८६२ रोजीं उत्तरेकडील कांहीं सैनिक साध्या वेषांत जॉर्जिया संस्थानांतील बिग शँटी या स्टेशनावर आले आणि उतारू न्याहारीस उतरले असतांना 'जनरल' नांवाचें इंजिन घेऊन पसार झाले. वाटेंतील तारा तोडावयाच्या, पूल जाळावयाचे, असा त्यांचा बेत. गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर यानें प्रथम पायीं, मग हातगाडीवर, मग हातीं लागेल त्या इंजिनावर त्यांचा पाठलाग केला. शेवटीं 'जनरल' चें जळण संपलें आणि सारे पकडले गेले. त्यांपैकीं आठांना फांशीं देण्यांत आलें. वांचलेल्यांपैकीं पिटेंजर यानें पुढें ग्रंथ लिहिला, आणि त्यावरून कीटननें १९२६ सालीं चित्रपट रचला.

त्या काळचे रूळ व तशीं इंजिनें ऑरेगन संस्थानांतील कॉटेज ग्रोव्ह या गांवाजवळ मिळालीं. तेथील राखीव दलाचे शेंकडों जवान आणून त्यांनाच एकदां उत्तरेचा आणि एकदां दक्षिणेचा गणवेष चढविण्यांत आला. लांकडें जाळणाऱ्या इंजिनांच्या ठिणग्यांनीं आसपासच्या रानांत वणवे लागले, तेव्हां हेच जवान आग विझविण्यास धांवले. जळत्या पुलावरून खरोखरीचें इंजिन नदींत कोसळतें, तें दृश्य एकदांच घेतां येणार होतें. गांवोगांवचे हजारों लोक तें पाहावयास जमले होते. त्या एका दृश्यास ४२,००० डॉलर खर्च आला असें सांगतात. इंजिनाचा सांगाडा तर दुसऱ्या महायुद्धांत लोखंडाची टंचाई होईपर्यंत नदींतच पडून होता.

इतिहास शिकविणाऱ्यास येथें एक तक्रार केल्यावांचून राहावत नाहीं. मूळ हकीकतींतील वीर उत्तरेचे. कीटननें नायक केला तो दक्षिणेचा इंजिन-ड्रायव्हर. हरलेल्या पक्षास खलनायक केलेलें प्रेक्षक सहन करणार नाहींत, असें त्याचें म्हणणें. नाट्यदृष्ट्या तें बरोबर असेल. पण ज्या दक्षिणेचा झेंडा त्याचा नायक उंचावतो, ती दक्षिण माणसांना गुलाम म्हणून राखण्यासाठीं लढत होती, आणि त्या गुलामांचा या चित्रांत मागमूसहि नाहीं. रूळ, टोप्या, बंदुका यांविषयीं एवढा काटेकोर असणारा कलावंत लढाईच्या कारणाविषयीं इतका बेफिकीर असावा, हें आश्चर्य आहे. माझी तक्रार नोंदवून मी एवढें म्हणेन कीं, धांवत्या गाडीवर एकट्या माणसानें काय करावें याचें याहून सुंदर चित्रण माझ्या पाहण्यांत नाहीं.

१९२७ सालीं न्यूयॉर्कला हा चित्रपट लागला तेव्हां टीकाकारांनीं त्यास कंटाळवाणा ठरविलें. साडेसात लाख डॉलरांच्या घरांत गेलेला खर्च पाहतां निर्मात्यांस मिळालेलें उत्पन्न अगदीं थोडें होतें. शेंकचा हात आंखडूं लागला. १९२८ सालच्या 'स्टीमबोट बिल, ज्युनियर' मध्यें वादळांत घराची सबंध दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी तो उभा आहे तेथें येते, म्हणून तो वांचतो. भिंत खरी व जड होती; दोन्ही खांद्यांना कांहीं इंचांचीच मोकळीक होती. पायांखालीं खूण करून तो निश्चल उभा राहिला. हें घेतांना कित्येकांनीं डोळे मिटून घेतले होते, असें म्हणतात. त्याच सुमारास शेंक आपली चित्रशाळा बंद करीत असल्याची वार्ता कीटनच्या कानीं आलेली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या निश्चलतेकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें लागतें.

शेंकच्या सल्ल्यानें त्यानें मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीशीं करार केला. जाऊं नकोस, असें चॅप्लिननें व हॅरल्ड लॉइडनें त्यास बजावलें होतें. पगार आठवड्यास ३,००० डॉलर. परंतु कथा कोणती, सहकारी कोण, विनोद कसला, हें सारें कचेरींत ठरावयाचें. पूर्वीची पद्धति अशी कीं, कथेचा आरंभ व शेवट ठरला म्हणजे मधला भाग प्रत्यक्ष जागेवर सुचे; अडलें तर मंडळी चेंडूफळी खेळत, आणि खेळतां खेळतां युक्ति निघे. कंपनीस मात्र प्रत्येक प्रसंग आधीं कागदावर हवा. 'दि कॅमेरामन' हा पहिला चित्रपट त्यानें भांडून भांडून पुष्कळसा आपल्या मनासारखा करून घेतला. त्यानंतर दोरी त्याच्या हातून सुटली ती सुटलीच.

बोलपट आले आणि कीटन संपला, असें सर्रास सांगतात. तें मला पटत नाहीं. त्याचा आवाज खर्जाचा, पण रंगभूमीवर तापलेला होता. १९२९ सालचा 'स्पाइट मॅरेज' बोलपट करावा अशी त्याचीच इच्छा होती. कंपनीनें तें मानलें नाहीं. पुढें त्यास शाब्दिक कोट्यांचीं नाटकें दिलीं, जिमी ड्युरांट या बडबड्या नटाशीं त्याची जोडी जुळविली, आणि दुर्दैव असें कीं त्या सामान्य चित्रांनीं पैसाहि बरा मिळविला. मग कीटनचें गाऱ्हाणें कोण ऐकणार? तो दारूच्या आहारीं गेला, १९३२ सालीं घटस्फोट झाला, मुलें दुरावलीं, आणि १९३३ च्या आरंभीं कंपनीनें त्यास काढून टाकलें. दारूचा दोष त्याचा होता. परंतु ज्याची कला स्वतःच्या हातानें करण्यांतच आहे, त्याचे हात बांधून त्यास भरघोस पगार देणें यासहि मी उपकार म्हणणार नाहीं.

नंतरच्या वर्षांत स्वस्तांतले लघुपट झाले, आणि ज्या कंपनीनें हांकलून दिलें तिथेंच आठवड्यास शंभर डॉलरांवर दुसऱ्या नटांसाठीं विनोदी प्रसंग सुचविण्याचें काम त्यानें केलें. १९४० सालीं एलिनोर नॉरिस या नर्तकीशीं त्याचें लग्न झालें, आणि तिनें त्याचा संसार सांवरला. १९४७ सालीं पॅरिसच्या सर्कशींत त्याच्या खेळास मोठी गर्दी झाली. १९४९ सालीं जेम्स एजी याच्या 'लाइफ' साप्ताहिकांतील लेखानें मूकपटांतील विनोदाची लोकांना पुन्हां आठवण करून दिली, आणि १९५२ सालीं 'लाइमलाइट' मध्यें चॅप्लिन व कीटन हे दोघे म्हातारे एकाच रंगमंचावर दिसले. त्याच्या जुन्या बंगल्यांत पुढें राहावयास आलेल्या जेम्स मेसन या नटास तेथें कीटनच्या चित्रपटांच्या प्रती सांपडल्या. त्यामुळें कित्येक चित्रें वांचलीं. १९८९ सालीं अमेरिकन सरकारनें राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करण्यासाठीं पहिले पंचवीस चित्रपट निवडले, त्यांत तो न चाललेला 'दि जनरल' होता.

तें पाहावयास कीटन राहिला नव्हता. मात्र १९६४ सालीं, वयाच्या एकुणसत्तराव्या वर्षीं, तो कॅनडांत 'दि रेलरॉडर' या निःशब्द लघुपटाचें काम करीत होता. रुळांवरील लहानशा मोटारगाडींत बसून देश ओलांडणाऱ्या एका माणसाची ही कथा. उंच पुलावरून जातांना उलगडलेला मोठा नकाशा अंगाभोंवतीं गुंडाळला जातो, असा एक प्रसंग त्यास सुचला होता. तरुण दिग्दर्शकास तो धोक्याचा वाटला व त्यानें दुसरीच सोपी योजना केली. म्हातारा चिडला, पुलाची जागा हीच विनोदाची जागा आहे, यांत धोका कसला, असें त्याचें म्हणणें पडलें. अखेर तें दृश्य त्याच्याच इच्छेप्रमाणें घेण्यांत आलें. १ फेब्रुवारी १९६६ रोजीं कॅलिफोर्नियांत तो वारला.