स्पानाकोरिझो

स्पानाकोरिझो हा पालक, तांदूळ, शेपू, ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस यांपासून तयार होणारा ग्रीसमधील पारंपरिक घरगुती भात आहे. तो स्वतंत्र जेवण म्हणून, तसेच मासे किंवा भाजलेल्या मांसाच्या जोडीला वाढला जातो. हा भात मोकळा नसून मऊसर व किंचित ओलसर असतो.

नाव

'स्पानाकी' (पालक) आणि 'रिझी' (तांदूळ) या ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले आहे. तांदळासाठीचा प्राचीन ग्रीक शब्द 'ओरिझा' असा असून भाताच्या 'ओरायझा सटायव्हा' या शास्त्रीय नावाचा उगम त्यातच आहे. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर, इ.स.पू. चौथ्या शतकात, थिओफ्रास्टस याने वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात भाताचे वर्णन भारतातील धान्य म्हणून केले आहे. आधुनिक ग्रीसमध्ये भातशेती प्रामुख्याने थेसालोनिकीजवळील नदीमुखांच्या सखल प्रदेशात होते.

आहारातील स्थान

ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांच्या पदार्थांना ग्रीसमध्ये 'लादेरा' म्हणतात ('लादी' म्हणजे तेल). स्पानाकोरिझो याच वर्गात मोडतो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांस, अंडी व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य असतात. त्या काळात, तेलाची मुभा असलेल्या दिवशी, हा भात पोटभरीचे अन्न ठरतो. त्यामुळे त्यातील तेल केवळ फोडणीपुरते नसते. पदार्थाचा कस त्यावरच अवलंबून असतो. एरवी त्यावर फेटा चीज कुस्करून घालतात.

साहित्य

चार व्यक्तींसाठी साधारण प्रमाण पुढीलप्रमाणे असते: पालक ७०० ग्रॅम, मध्यम किंवा आखूड दाण्याचा तांदूळ २०० ग्रॅम, ऑलिव्ह तेल १०० मिलिलिटर, कांदा १, पातीचे कांदे ४ ते ५, शेपूची लहान जुडी, पाणी सुमारे ४०० मिलिलिटर, लिंबाचा रस ४५ मिलिलिटर, मीठ व मिरपूड. काही ठिकाणी पुदिनाही घालतात.

कृती

बारीक चिरलेला कांदा व पातीचे कांदे निम्म्या तेलात मंद आचेवर मऊ होईपर्यंत परततात. ते तांबूस होऊ देत नाहीत. त्यात चिरलेला पालक टाकल्यावर तो लवकरच आकसतो व पाणी सोडतो. म्हणून वरून घालायचे पाणी नेहमीच्या भातापेक्षा कमी ठेवतात. नंतर तांदूळ, गरम पाणी व मीठ घालून झाकण ठेवून मंद आचेवर १५ ते २० मिनिटे शिजवतात. आच बंद केल्यावर शेपू, उरलेले तेल व लिंबाचा रस मिसळून भात १० मिनिटे झाकून मुरू देतात.

लिंबू शेवटी घालण्याचे कारण

पालकाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो. उष्णता व आम्ल यांच्या एकत्रित परिणामाने हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि पाने मळकट तपकिरी-हिरवी होतात. रस आरंभीच घातल्यास हा बदल वेगाने होतो, शिवाय त्याचा ताजा गंधही उडून जातो. शेपूचा सुवासही दीर्घकाळ शिजवल्याने मंदावतो.

प्रकार

टोमॅटो घालून केलेला तांबूस स्पानाकोरिझोही प्रचलित आहे. याच पद्धतीने लीक घालून 'प्रासोरिझो', कोबी घालून 'लाहानोरिझो' आणि टोमॅटो घालून 'दोमातोरिझो' केला जातो.

साठवण

हा भात गरम, कोमट किंवा गार असताना खाल्ला जातो. मात्र शिजवलेला भात बराच वेळ बाहेर राहिल्यास त्यात 'बॅसिलस सेरियस' या जिवाणूची वाढ होऊ शकते. त्याचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेत तग धरतात व त्याचे एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. त्यामुळे उरलेला भात लवकर थंड करून शीतकपाटात ठेवणे आवश्यक असते.