निराश रसिक आणि त्याचें सुवर्णयुग

ता. १ जून २०१८ रोजीं मुंबईंत अंधेरीच्या क्रीडांगणावर भारतीय फुटबॉल संघानें चिनी तैपेईचा ५-० असा पराभव केला. कर्णधार सुनील छेत्री यानें त्यांपैकीं तीन गोल केले. हा विजय पाहावयास सुमारें अडीच हजारच प्रेक्षक हजर होते. दुसऱ्या दिवशीं छेत्रीनें लोकांस जाहीर विनंती केली, कीं टीका करा, वाटल्यास शिव्याही द्या, पण त्या मैदानावर येऊन द्या. ता. ४ रोजीं केनियाविरुद्धच्या सामन्यास भर पावसांत तेंच क्रीडांगण भरून गेलें!

यावरून एक गोष्ट उघड होते. रसिकाचें प्रेम आटलेलें नाहीं. तें रुसलेलें आहे. आणि रुसवा तेथेंच असतो, जेथें अपेक्षा असते. मग ही अपेक्षा आली कोठून?

तिचें मूळ घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या एका सुवर्णयुगांत आहे. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या भारतीयांनीं फ्रान्सला अखेरपर्यंत झुंजविलें. दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या, तर १-२ हा पराभव कदाचित् विजयच ठरता. १९५१ सालीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत मेवालालच्या गोलानें इराणचा पाडाव होऊन सुवर्णपदक मिळालें. १९५६ सालीं मेलबर्न येथें मुंबईच्या नेव्हिल डिसूझानें यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले, सामना ४-२ असा जिंकला गेला आणि भारतास चौथें स्थान लाभलें. १९६२ सालीं जकार्ता येथें प्रतिकूल प्रेक्षकांच्या गदारोळांत, डोक्यास टांके पडलेल्या जर्नेलसिंगास पुढच्या फळींत खेळवून, दक्षिण कोरियास २-१ असें नमविण्यांत आलें.

ही कथा खरी आहे. पण ती अर्धीच सांगितली जाते. दिल्लीच्या स्पर्धेंत अवघे सहा संघ होते. मेलबर्नला हंगेरीनें माघार घेतल्यामुळें पहिली फेरी न खेळतांच पार पडली. १९५२ सालीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियानें भारतावर दहा गोल केले, तेव्हां कोठें महासंघानें बूट सक्तीचे केले. १९५० च्या विश्वचषकास संघ न जाण्याचें कारण अनवाणी खेळण्यावरील बंदी हें होतें, ही लोककथाही इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. त्या वेळीं ऑलिंपिकच सर्वस्व वाटत होतें; विश्वचषकाचें महत्त्व महासंघानें ओळखलें नाहीं आणि सरावास वेळ अपुरा असल्याची सबब पुढें केली.

मग जें यश मिळालें, तें दैवयोगाचें होतें काय? मुळींच नाहीं. त्याच्यामागें सय्यद अब्दुल रहीम हा हैदराबादचा एक शिक्षक उभा होता. १९५० पासून त्यानें राष्ट्रीय संघास शिस्त लावली, चेंडू पायांत घोळवीत बसण्यापेक्षां झटपट देण्याची संवय लावली आणि प्रत्येकाची जागा पारखून ठेवली. १९६३ सालीं तो निवर्तला. पदकें कपाटांत राहिलीं. पद्धत मात्र त्याच्याबरोबरच गेली. १९७० च्या बँकॉक येथील कांस्यपदकानंतर आशियाई स्पर्धेचें पदकही हातीं लागलें नाहीं.

शेजाऱ्यांनीं काय केलें, तेंही पाहण्यासारखें आहे. १९६२ सालीं त्याच जकार्तांत भारतानें जपानला २-० असें हरविलें होतें. परंतु जपाननें जर्मन मार्गदर्शक डेटमार क्रामर याच्याकडून धडे घेतले, १९६५ सालीं राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू केली आणि १९६८ सालीं ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. १९९३ सालीं तेथें व्यावसायिक साखळी आली व १९९८ पासून जपान एकाही विश्वचषकास मुकला नाहीं. भारतांत राष्ट्रीय साखळी सुरू व्हावयास १९९६ साल उजाडलें. जग ९० मिनिटें धांवत असतां येथील सामने दीर्घकाळ ७० मिनिटांतच आटोपत होते.

त्याचें फळ समोर आहे. २०२४ च्या आरंभीं कतारमधील आशियाई चषकांत भारताचे तिन्ही सामने गेले आणि एकही गोल झाला नाहीं. त्याच वर्षीं मार्चमध्यें गुवाहाटीस अफगाणिस्तानानें १-२ अशी हार दिली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं गोव्यांत मडगांव येथें सिंगापूरनें हरविलें, आणि पुढील आशियाई चषकाचें दारही बंद झालें.

तेव्हां रसिकाचा राग अन्यायाचा म्हणतां येत नाहीं. मात्र त्याचें लक्ष्य चुकतें. तो अकरा खेळाडूंस विचारतो, कीं तुम्ही जकार्तासारखे कां खेळत नाहीं? हा प्रश्न खरोखर महासंघास, शाळांस आणि नगरपालिकांस विचारावयास हवा, कीं दहा वर्षांच्या मुलास खेळावयास मैदान कोठें आहे, आणि त्यास शिकविणारा रहीम कोठें आहे? आजोबांच्या आठवणींवर संघ उभा राहत नाहीं. तो उभा राहतो संध्याकाळच्या नित्य सरावावर. आणि तो सराव पाहावयास मैदानाच्या कडेला जो उभा राहील, त्याच्याच अपेक्षेस वजन येईल.